वापरात आहे

सोहारच्या सनद कार्यालयात
घड्याळ डावीकडे असतं.
पडद्यावरचं, म्हणजे. सगळा कारभार अरबीत,
उजवीकडून निघून डावीकडे संपणारा.
मला अक्षरं येत नाहीत, जागा येतात:
इथे दाबलं की होय,
तिथे दाबलं की थांब.

सनद हा शब्द काही मी इथे आणला नव्हता,
तो आधीच पाटीवर होता.
पहिल्या दिवशी बरं वाटलं होतं,
कुणी गाववाला भेटावा तसं.

हिसामुद्दीन वांगडे आले तेव्हा
दुपारची नमाज होऊन गेली होती.
बंदरावर क्रेन, एकवीस वर्षं.
बताका जमा, व्हिसा रद्द,
चारला मस्कतची बस, रात्री दोनचं विमान.
खिशातून हार्ड डिस्क काढली, रुमालात बांधलेली,
गाठ दातांनी सोडली.
"यात माझां सगळां हाय. पगाराचा कागद छापून दे
आणि हिला सोडव."

कागद छापला.
मग डावीकडच्या त्या बारक्या खुणेवर गेलो, दाबलं,
आणि चौकट आली:
वापरात आहे.
अरबीतलं एवढं एक वाक्य
मला वाचता येतं.

"काय झालां? सुटत नाय?"
म्हटलं, काहीतरी उघडं राहिलंय आत.
"मग ओढ की. वायर तर हाय."

मीही ओढायचो पूर्वी.
एका नर्सबाईंची सगळी प्रमाणपत्रं अशीच गेली.
पडद्यानं सांगितलं होतं, उतरलं सगळं.
पडदा खोटं बोलत नाही, घाई करतो.
भरलं म्हणतो तेव्हा पाणी अजून पाटात असतं,
शेवटचा वाफा कोरडाच.
तेवढ्यात कुणी दार मोडलं
तर नावं राहतात, आणि नावांच्या आत
काही नसतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, दोन मिनिटं.

एकेक खिडकी मिटत गेलो.
सगळ्यांच्या मागे एक तक्ता उघडा होता,
कागद शोधताना माझ्याच हातून उघडलेला.
खोली नऊ.
जलाल मुकादम, चाळीस रियाल, मुलीचं बाळंतपण.
थंगराज, पंधरा, दात.
नूरुल, अडीच, चपला.
बशीर, एकशे दहा, आणि पुढे कंसात मयत.
अशी सत्तावीस नावं,
बेरीज तळाला, लाल.

वांगडे खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकले.
चष्मा कपाळावर चढवला.
बराच वेळ बशीरच्या ओळीवर होते,
माझ्या कानाशी त्यांचा श्वास ऐकू येत होता.
"ह्यो बंद केला तर निघेल?"
निघेल.
"मग आकडे पूस. नावां ऱ्हाव दे."

रकाना निवडला, उभा, वरपासून खालपर्यंत.
एक कळ.
बेरीज आपोआप शून्य झाली,
लाल रंग तेवढा तसाच.
चौकटीनं विचारलं: बदल ठेवायचे?
बोट उचललं तोच ते म्हणाले,
"थांब. नूरुलचे अडीच परत टाक.
त्याच्याकडना मी घेणार हाय."

टाकले.

मग पुन्हा डावीकडे, पुन्हा तीच खूण.
डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकला,
थांबला,
पुन्हा एकदा लुकलुकला, काही आठवल्यासारखा,
आणि विझला.
"आता काढा."
त्यांनी स्वतः काढली, दोन बोटांनी,
एवढ्या मोठ्या क्रेनवरचा माणूस,
पायातला काटा काढावा तशी.
रुमाल. गाठ.

शंभर बैशांची नोट कीबोर्डवर ठेवली.
नको म्हटलं.
"घे रे. कुणाच्या तक्त्यात नको मला."

चारला दहा कमी होते.
काचेबाहेर ते जवळजवळ पळतच गेले,
बॅग एका खांद्यावर, दुसरा हात छातीवरच्या खिशावर.
मी नोट गल्ल्यात टाकायची विसरलो.
समोर पुढचा माणूस उभा होता,
टोपण हरवलेला पेन ड्राइव्ह
आधीच माझ्याकडे पुढे करून.